ग्रँड कॅन्यनची डोरी ट्रिप: पैसे, वेळ, आणि मार्टिन लिटन नावाचा हट्टी माणूस

ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोराडो नदीवर ट्रिप करायची तर कुठली करावी असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच नीट लिहिते. माझं उत्तर सरळ आहे: परवडत असेल, सुट्टी मिळत असेल आणि गुडघे साथ देत असतील तर लाकडी डोरीचीच करा, मोटरवाल्या मोठ्या राफ्टची नको. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये, म्हणून आम्ही कुणाबरोबर गेलो ते लिहीत नाही. डोरी चालवणाऱ्या कंपन्या तिथं मोजक्याच आहेत, बहुतेक सगळे नियम नॅशनल पार्क सर्व्हिसचे असतात, त्यामुळे अनुभव बराचसा सारखाच असतो. मला लिहायचंय ते डोरी ट्रिप ह्या प्रकाराबद्दल आणि ती ज्या माणसामुळे आज करता येते त्याच्याबद्दल, कारण तो माणूस माहीत नसेल तर ह्या ट्रिपचे एवढे पैसे का द्यायचे ते कळणारच नाही.

आधी डोरी म्हणजे काय ते. साधारण सोळा-अठरा फुटांची, दोन्ही टोकं वर उचललेली, प्लायवूडची बोट. मधे गाईड बसतो दोन लांब वल्ही घेऊन, पुढे दोन पॅसेंजर, मागे दोन, बस, चारच जण. वरून झाकलेली असते, आत हवाबंद कप्पे, त्यात ड्राय बॅगा आणि खाण्याचं सामान. राफ्ट रबराची असते, दगडावर आपटली तरी उसळून पुढं जाते. डोरी आपटली की फुटते. म्हणून प्रत्येक कंपनी बरोबर प्लायवूडचे तुकडे, इपॉक्सी, चिकटपट्ट्या घेऊन फिरते आणि संध्याकाळी वाळूत बोट उलटी करून दुरुस्ती चाललेली दिसते. ह्याच कारणानं गाईड रॅपिडच्या, म्हणजे दगडांवरून खळाळत जाणाऱ्या पाण्याच्या टप्प्याच्या, आधी बोट काठाला लावतात, वर चढून पाणी वाचतात, आपापसात बोलतात, मग एकेक बोट सोडतात. ह्याला वेळ लागतो. पण त्या वेळात तुम्हीसुद्धा पाणी बघायला शिकता, दोनतीन दिवसांत तुम्हालाच दिसायला लागतं की पाण्याची ती गुळगुळीत जीभ कुठं आहे आणि तिच्याखाली भोवरा कुठं बसलाय.

रॅपिडमध्ये काय होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. राफ्टमध्ये तुम्ही लाटेवरून जाता, डोरीत लाटेत शिरता. बोट वर चढते, टोकावर क्षणभर थांबल्यासारखी वाटते आणि मग सरळ खाली. गाईड ओरडली की सगळ्यांनी जिकडून लाट येतीये त्या बाजूला अंग टाकायचं, म्हणजे बोट उलटत नाही. नंतर बादल्यांनी पाणी उपसायचं. कॅन्यनमध्ये रॅपिड एक ते दहा अशा स्केलवर मोजतात आणि क्रिस्टल आणि लाव्हा फॉल्स हे दोन सगळ्यात वरचे. क्रिस्टल तर १९६६ पर्यंत साधाच होता, त्या डिसेंबरात बाजूच्या ओढ्याला प्रचंड पूर आला, त्यानं दगडगोटे नदीत आणून टाकले आणि एका रात्रीत नदीचा नकाशा बदलला. लाव्हा फॉल्सचा आवाज आधी ऐकू येतो, रॅपिड दिसत नाही, आणि त्या आवाजात बोटीतलं सगळं बोलणं आपोआप बंद होतं.

आता तो माणूस. मार्टिन लिटन, जन्म १९१७, कॅलिफोर्नियातले. दुसऱ्या महायुद्धात ग्लायडर पायलट. नंतर लॉस एंजेलिस टाइम्समध्ये लिहायचे, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट ह्या संरक्षित प्रदेशात एको पार्क नावाच्या दरीत धरण होणार होतं त्याच्या विरोधात त्यांनी लेख लिहिले, ते सिएरा क्लब ह्या निसर्ग वाचवणाऱ्या संस्थेच्या डेव्हिड ब्राउअर ह्यांच्या नजरेत आले आणि तिथून दोघांची जोडी जमली. पुढे सनसेट मासिकात प्रवासाचं पान सांभाळलं, १९६४ पासून सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर. पोटापाण्यासाठी लोकांना फिरायला पाठवणारा लेखक आणि बाकीच्या वेळात त्या जागा वाचवायला भांडणारा माणूस, आणि माझ्या मते त्यांच्यासाठी ही दोन कामं कधी वेगळी नव्हतीच.

एको पार्कचं धरण १९५६ मध्ये रद्द झालं, पण त्याच कायद्यात ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला असलेल्या ग्लेन कॅन्यनच्या धरणाला मंजुरी मिळाली. १९६३ मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले आणि त्यामागची सगळी दरी लेक पॉवेल नावाच्या जलाशयाखाली गेली. ब्राउअर ह्यांना ह्या तडजोडीचं दुःख आयुष्यभर राहिलं. लिटननी त्यातून एकच धडा घेतला, की नदीच्या बाबतीत मधला मार्ग नसतो. म्हणून साठच्या दशकात ब्युरो ऑफ रेक्लमेशननं, म्हणजे धरणं बांधणाऱ्या सरकारी खात्यानं, खुद्द ग्रँड कॅन्यनमध्ये आणखी दोन धरणं आणली, एक मार्बल कॅन्यनला आणि एक खाली ब्रिज कॅन्यनला, तेव्हा क्लबमधले काही लोक म्हणत होते की धरण होऊ दे पण काही अटी घालू, आणि लिटन उभे राहिले आणि म्हणाले अजिबात नाही. क्लबनं मग वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. १९६६ च्या जूनमध्ये पहिली जाहिरात आली आणि दुसऱ्याच दिवशी आयकर खात्याची नोटीस, देणग्यांवरची करसवलत गेली. तरी ते हटले नाहीत. १९६८ मध्ये कायदा झाला तो ह्या दोन धरणांशिवाय.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि बोटीत बसून बघणं वेगळं. ट्रिप जिथून सुरू होते त्या लीज फेरीपासून नदीचे मैल मोजतात. तेहतिसाव्या मैलाला रेडवॉल कॅव्हर्न आहे, नदीकाठी कोरलेली एवढी प्रचंड गुहा की आतल्या वाळूवर लोक क्रिकेटसुद्धा खेळू शकतील. तिथून थोडं पुढे, चाळिसाव्या मैलाच्या अलीकडे, गाईडनं वल्ही थांबवली आणि भिंतीकडे बोट केलं. कातळात माणसानं पाडलेली भोकं. धरणासाठी खडक तपासायला बोगदे खणले होते ते तसेच आहेत, खाली उपसलेल्या दगडांचा ढीग अजून पडलेला. धरण झालं असतं तर थोड्या वेळापूर्वी आम्ही ज्या वाळूत अनवाणी फिरलो ती गुहा पाण्याखाली असती. ब्रिज कॅन्यनचं झालं असतं तर लाव्हा फॉल्स गेला असता. ट्रिपचे निम्मे पैसे मला त्या एका जागेत वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन.

आमच्याबरोबर माझा मोठा भाऊ होता, खास भारतातून आला होता. त्याची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, धरणं हा त्याच्या आयुष्याचा विषय. तो बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जागा उत्तम आहे गं. अरुंद गळा, दोन्हीकडं कातळ, कुणीही हीच निवडली असती." मी म्हटलं दादा, इथं येऊन तू हे बोलतोयस? तर म्हणाला, "अगं खोटं कशाला बोलू? आणि फिनिक्सला तुझ्या घरी नळाला पाणी येतं ते कुठून येतं?" खरंय त्याचं. सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा ३३६ मैलांचा कालवा ह्याच नदीचं पाणी वाळवंटातून आमच्यापर्यंत आणतो. मी ही नदी पिते. त्यामुळे धरण म्हणजे पाप असं सरसकट बोलायचा हक्क मला नाही, मराठवाड्यातल्या माणसासमोर तर नाहीच नाही.

पण रात्री जेवताना गाईडनं एक गोष्ट सांगितली ती दादालाही नवीन होती. ती दोन धरणं पाणी साठवायला नव्हतीच. वीज करायची, ती विकायची, त्या पैशातून आणि त्या विजेतून कालव्याचा खर्च भागवायचा, असा हिशोब होता. दादा ताट खाली ठेवून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, मग वीज शेवटी आणली कुठून? उत्तर आहे कोळसा. पेज गावाजवळ नवाहो जनरेटिंग स्टेशन उभं राहिलं, ब्लॅक मेसा पठाराचा कोळसा तिथं जळला, नवाहो आणि होपी ह्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, आणि २०१९ मध्ये ते बंद होईपर्यंत त्याचा धूर त्यांनी सोसला. म्हणजे नदी वाचली त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरली. लिटनबद्दल लिहिताना हे गाळणं मला पटत नाही. माझं मत तरीही हेच आहे की ते बरोबर होते, कारण कोळशाचं केंद्र बंद करता आलं, चिमण्या पाडता आल्या, बुडालेली दरी अशी परत काढता आली नसती.

डोरी ह्या नदीवर आल्या त्याही त्यांच्यामुळेच. १९५५ मध्ये ते पहिल्यांदा कॅन्यनमधून गेले. नंतर ओरेगॉनमध्ये मॅकेंझी नदीवरच्या मासेमारीच्या बोटी त्यांनी पाहिल्या, त्या बांधणीच्या बोटी १९६२ मध्ये कोलोराडोत उतरवल्या, आणि पुढे ग्रँड कॅन्यन डोरीज नावाची कंपनीच काढली. प्रत्येक बोटीला माणसानं नष्ट केलेल्या एखाद्या सुंदर जागेचं नाव द्यायचं हा त्यांचा नियम. एका बोटीचं नाव 'हेच हेची', म्हणजे योसेमिटीमधली धरणात गेलेली दरी. म्युझिक टेंपल, लेक पॉवेलखाली गेलेली. एमराल्ड माईल, तोडून टाकलेल्या रेडवूडच्या जंगलाचा पट्टा. आता इतर कंपन्यांनीही ही पद्धत उचललीये, आमच्या ताफ्यातही अशाच एका बुडालेल्या जागेच्या नावाची बोट होती, आणि रोज सकाळी कोण कुठल्या बोटीत बसणार हे ठरवताना ते नाव तोंडात यायचं. त्या जागेबद्दल कुणी वेगळं भाषण दिलं नाही पण ट्रिप संपेपर्यंत आम्हा सगळ्यांना ते नाव पाठ झालं होतं. लोकांना नदीवर आणा, नदीच त्यांना कामाला लावेल, हा त्यांचा सगळा कारभार होता असं मला तिथं बसून वाटलं.

एमराल्ड माईलची गोष्ट गाईड लोक हमखास सांगतात, ऐकाच. १९८३ च्या उन्हाळ्यात वरचा बर्फ एकदम वितळला, लेक पॉवेल काठोकाठ भरलं, ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांत कॅव्हिटेशननं, म्हणजे वेगानं जाणाऱ्या पाण्यातले बुडबुडे फुटून बसणाऱ्या तडाख्यांनी, कातळ उखडायला लागला, आणि दरवाज्यांवर प्लायवूडचे तक्ते लावून पाणी अडवायची वेळ आली. (दादानं हा भाग तीनदा सांगायला लावला.) खाली सोडलेलं पाणी ९०,००० क्युसेकच्या वर गेलं. त्या पुरात केंटन ग्रुआ, रुडी पेटशेक आणि स्टीव्ह रेनॉल्ड्स ह्या तिघांनी, ग्रुआनं स्वतः दुरुस्त केलेली ती मोडकी बोट पाण्यात घातली आणि २७७ मैल ३६ तास ३८ मिनिटांत पार केले. आपण तेच अंतर दोन आठवड्यांत जातो.

लिटन सगळीकडे जिंकले असं नाही. कॅलिफोर्नियातलं डायब्लो कॅन्यनचं अणुवीज केंद्र थांबवायला ते स्वतःच्या क्लबशी भांडले आणि हरले. १९६८ मध्ये रेडवूड नॅशनल पार्क झालं पण त्यांना हवं होतं त्याहून कितीतरी लहान. मोटर बोटी कॅन्यनमधून हद्दपार व्हाव्यात अशी त्यांची इच्छा होती, त्याही आहेतच. स्वभाव तिखट, मित्रांनाही सोडायचे नाहीत. स्वतःच्या सेस्ना १९५ विमानात पत्रकारांना, पुढाऱ्यांना बसवून तोडलेली जंगलं वरून दाखवायचे. जायंट सिक्वॉया नॅशनल मॉन्युमेंट २००० मध्ये जाहीर झालं त्यामागे त्यांची वर्षानुवर्षांची खटपट होती, आणि ते जाहीर झाल्यावरही तिथल्या वृक्षतोडीवर लक्ष ठेवून राहिले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला कंपनी विकली, पण २००४ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, पुन्हा कॅन्यनमध्ये येऊन डोरी वल्हवली. २०१४ मध्ये ९७ व्या वर्षी गेले.

आता व्यवहाराचं, कारण शेवटी हा रिव्ह्यू आहे.

महाग आहे. माणशी काही हजार डॉलर, त्यात टिप्स वेगळ्या, आधीचं आणि नंतरचं हॉटेल वेगळं. हीच ह्या ट्रिपबद्दलची माझी खरी तक्रार आहे. नदी वाचवायला लोक नदीवर यायला हवेत हे पटतं, पण एवढ्या पैशात येणारे लोक कोण असतात ते आमच्या ग्रुपकडे बघून कळत होतं. स्वतःच्या राफ्टनं जायचं तर पार्कची लॉटरी असते, नंबर लागणं कठीण, आणि नदी वाचता येणारं माणूस बरोबर लागतं. मधला पर्याय फारसा नाही.

पाणी भयंकर थंड. धरणातल्या खोल पाण्यातून येतं म्हणून. बाहेर भाजून निघतंय आणि अंगावर लाट आली की श्वास अडकतो, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा रेनजॅकेट आणि रेनपँट चांगल्या प्रतीचे घ्या, स्वस्तातले घेऊ नका. पाण्याची पातळी विजेच्या मागणीप्रमाणे चढते-उतरते, संध्याकाळी काठाला तरंगत असलेली बोट सकाळी वाळूत बसलेली असते. ज्यांनी कोलाडला कुंडलिकेवर रॅफ्टिंग केलंय त्यांना हे लगेच कळेल, तिथंही वीज करून पाणी सोडलं की मगच राफ्ट निघतात. आणि गाळ सगळा वर धरणात अडकतो म्हणून कॅन्यनमधले वाळूचे किनारे झिजत चाललेत. १९९६ पासून मधूनमधून मुद्दाम मोठा विसर्ग सोडून किनारे भरायचा प्रयत्न करतात. दादानं ह्यावर गाईडबरोबर जी चर्चा केली ती ऐकायला दोन्ही बोटी एकमेकींना चिकटून चालल्या होत्या, जायकवाडीच्या गाळापासून सगळं निघालं.

जेवण उत्तम, खरंच उत्तम. ओतीव लोखंडाच्या मोठ्या भांड्यात वरखाली निखारे ठेवून केक करतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, व्यवस्थित सोय होते, पण चव सौम्य, त्यामुळे लसणाची चटणी आणि मेतकूट न्याच. आमची चटणी अर्ध्या ट्रिपमध्ये गाईड लोकांनीच संपवली.

टॉयलेटबद्दल सगळे घाबरून विचारतात. झाकणाचा धातूचा डबा असतो, आडोशाला, बहुतेक वेळा समोर नदीचं असं दृश्य असतं की उठावंसं वाटत नाही. सगळं बरोबर परत नेतात, चुलीची राखसुद्धा. लघवी मात्र नदीतच करायची असा नियम आहे, पहिल्या दिवशी बायकांना अवघड वाटतं, नंतर सवय होते. भांडी चार बादल्यांत क्रमानं धुतात, हात धुतल्याशिवाय ताटाला हात लावू देत नाहीत. एवढ्या लोकांच्या वावरानंतर किनाऱ्यावर कागदाचा कपटासुद्धा दिसला नाही. आपल्या गडांवर, आपल्या घाटांवर हे का होत नाही असा विचार आला आणि वाईट वाटलं.

लिटल कोलोराडोच्या संगमाला थांबतातच, मोसम बरोबर असेल तर पाणी फिरोजी निळं असतं. होपी, नवाहो, झुनी लोकांची ती पवित्र जागा आहे, तिथं पर्यटकांसाठी रोपवे आणायचा बेत होता तो २०१७ मध्ये नवाहो कौन्सिलनं नाकारला. तिथं आवाज कमी ठेवा, गाईड सांगेल तिथंच उतरा.

अर्धी ट्रिप मिळते, दरीच्या तळाशी असलेल्या फँटम रँच ह्या मुक्कामाला उतरून ब्राइट एंजल ट्रेलनं वर चढायचं. तो चढ हलक्यात घेऊ नका, साधारण पंधरा किलोमीटर आणि तेराशे मीटरच्या वर, पाठीवर सामान आणि ऊन. सिंहगड रोज चढणाऱ्यालाही जड जाईल. जमत असेल तर पूर्ण कॅन्यनच करा, क्रिस्टल आणि लाव्हा दोन्ही फँटमच्या खाली आहेत.

ज्यांना आईबाबांना घेऊन जायचंय, किंवा आठवड्याच्या वर सुट्टी नाही, त्यांनी मोटर ट्रिप करावी, त्यात कमीपणा काही नाही, नदी तीच आहे. डोरीचीच ठरवली तर १६ सप्टेंबरनंतरची तारीख बघा, तेव्हापासून मार्च अखेरपर्यंत नदीवर मोटर चालत नाहीत आणि शांतता काय असते ते कळतं. रात्री गार असतं, जाड स्वेटर न्या. बुकिंग फार आधी करावं लागतं, आणि वर्षाला माणशी एकच ट्रिप करता येते हे लक्षात ठेवा. फोनवर दोन गोष्टी नक्की विचारा: ट्रिप पूर्ण डोरीची आहे का, की डोरी आणि राफ्ट आळीपाळीनं बसायचं, आणि मोठ्या रॅपिडला डोरीत बसायची पाळी सगळ्यांना मिळते का. आमच्यात दोघांना लाव्हाला सामानाच्या राफ्टमध्ये बसावं लागलं आणि ते संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.